तुमच्या घरचं कोण शिकतंय तिथं?

माझं काम पोरं आणायचं. तंजावरच्या बाहेर, मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला एका संस्थेचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं एसी-फ्रिजची दुरुस्ती, घरातलं वायरिंग, शिवण, रुग्णांची देखभाल असे वर्ग चालतात. शिकवणारे वेगळे, हिशेब बघणारे वेगळे. मी गावोगाव हिंडायचं. ज्यांची शाळा मधेच सुटली, ज्यांना काम नाही, जी दिवसभर पुलाच्या कठड्यावर बसून असतात आणि कधी तरी मारामारीत सापडतात, त्यांना समजावून वर्गात आणून बसवायचं. आधी मी एका खाजगी शाळेत शिकवत होते. ती शाळा बंद पडली. पन्नाशीच्या बाईला दुसरीकडे कोण घेणार, म्हणून हे धरलं. गावांत मला अजून टीचरच म्हणतात.

बोलायचं काय ते पाठ झालंय. बसमधून उतरायचं, चहाच्या टपरीशी थांबायचं, पोरं कुठं बसतात ते विचारायचं. मग तमिळमध्ये तेच सगळं: हाताला काम शिका, कुणापुढं हात पसरायला नको, शिकताना जेवण आहे, राहायची सोय आहे. तोंड बोलत असतं आणि माझ्या मनात चाललेलं असतं, की रात्रीचं ताक आंबट झालं असेल का. पोरं मान हलवतात. "वरेन, टीचर," म्हणतात. वरेन म्हणजे येतो. आणि येत नाहीत. जे येतात त्यांतले बरेचसे पहिल्या सणाला घरी जातात ते तिकडचेच होतात. मग परत जायचं. घरातली आई म्हणते, बाहेर गेलाय. तो आतल्या खोलीत असतो, त्याच्या फोनचा आवाज मला ऐकू येत असतो. मी म्हणते, बरं, आला की सांगा.

वाईट वाटायचं ते पहिली काही वर्षं. आता फक्त गुडघे दुखतात.

एका वर्षी उन्हाळ्यात मी तिरुवैयारूच्या पलीकडच्या एका गावात गेले होते. नदीकाठाला सगळ्या केळीच्या बागा. तिथं एक बाई केळीची पानं कापून, गड्ड्या बांधून तंजावरच्या बाजारात न्यायची. तिचा मुलगा बारावीत नापास होऊन घरी बसलेला. देवळाच्या जत्रेत दोन गटांत मारामारी झाली, त्यात याचं नाव पोलिसांकडे गेलेलं. मला कुणीतरी सांगितलं होतं, त्या घरी जा. मी गेले तेव्हा ती अंगणात पानं लावत होती आणि मुलगा ओट्यावर पाय सोडून फोन बघत होता. बारीक मिशी, कपाळावर टाक्यांची खूण. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत फोनमध्ये डोकं घातलं.

मी माझं पाठ केलेलं सगळं म्हटलं. बाईनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी केळीच्या सोपाच्या दोरीची गाठ मारत तिनं विचारलं, "तुमच्या घरचं कोण शिकतंय तिथं?"

"माझी मुलगी बेंगळूरला असते. नोकरी करते."

"कॉलेज शिकून?"

"हो."

"म्हणजे तुमच्या मुलांना कॉलेज आणि आमच्यांना स्पॅनर. असंच ना?"

आवाजात राग नव्हता. भाव विचारावा तसं विचारलं. असले प्रश्न मला नवे नव्हते आणि त्यांची उत्तरंही माझ्याकडे होती. पण त्या दिवशी ऊन फार होतं. मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं," आणि बस धरायला निघाले. बसमध्ये बसल्यावर माझ्या डोळ्यांपुढं त्या मुलाच्या जागी अक्काचा मुलगा यायला लागला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमची दोघींची घरं एकाच गल्लीत, दोन दारं सोडून. आम्ही इथले मराठी. पूर्वीच्या मराठा राजांबरोबर आलेली माणसं म्हणे. तेव्हापासून आमच्याकडे सगळे कचेरीत, नाहीतर शाळेत. भावजी महसूल खात्यातून निवृत्त झाले. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकून माझ्या नवऱ्याच्या सोलापूरच्या बदलीत तिथल्या बायका हसायच्या. देवनागरी मी तिथंच शिकले. आमच्या गल्लीत हे लिहिलेलं वाचू शकेल असं माझ्याखेरीज कुणी नाही. म्हणून तर लिहायला धीर होतो.

अक्काचा मुलगा मेकॅनिकल इंजिनियर. जवळच्याच एका कॉलेजातून झाला. पास झाल्यावर चेन्नईला गेला, मित्रांबरोबर खोली घेऊन राहिला, मुलाखती देत फिरला. मग परत आला. मग सरकारी परीक्षांच्या क्लासला बसला. एका परीक्षेत थोडक्यात गेलं, दुसरीत थोडक्यातही नाही. हळूहळू पुस्तकं मेजावरून खाली आली आणि खालून पलंगाखाली गेली. खोलीचं दार बंद राहायला लागलं. दिवसा झोपायचा. अक्का दाराबाहेरून म्हणायची, "जेवायला ये रे." आतून आवाज यायचा, "ठेव तिथं." भावजी त्याच्याशी बोलायचे नाहीत. त्याच्याबद्दल अक्काशी बोलायचे, तो ऐकेल एवढ्या आवाजात. काही दिवसांनी तो दुपारचा बाहेर पडायला लागला, कॉलेजातल्या दोघांबरोबर, आणि परत यायचा तेव्हा अक्का हॉलचा पंखा मोठा करायची, वास जावा म्हणून.

त्या दिवशी तिरुवैयारूहून आल्यावर मी चपला काढल्या त्या अक्काच्याच दारात. ती आमटीला फोडणी देत होती. मी सरळ म्हटलं, "आमच्याकडे एसीचा वर्ग सुरू होतोय. त्याला पाठव."

"कुणाला?"

"तुझ्या मुलाला."

तिनं गॅस बारीक केला. "तुज उन्हानं काही झालंय का? तो इंजिनियर आहे."

"इंजिनियर आहे आणि झोपलाय."

"गावातल्या पोरांबरोबर बसवणार तू त्याला? मारामारी करणाऱ्या पोरांबरोबर? आमच्या घरात आजवर कुणी पान्हा धरलेला नाही."

"मग आता धरू दे."

"मज नको शिकवू," अक्का म्हणाली. "तुझं ते गावात सांगायचं गावात सांग."

दार बंद होतं, पण तो आत जागा होता. पंख्याचा आवाज एकदम थांबला होता. मी तेवढ्यावर सोडलं आणि घरी जाऊन आडवी झाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, तो आणि त्याचा मित्र मोटरसायकलवरून कालव्याच्या रस्त्यानं येताना घसरले. दोघंही प्यालेले. चालवणाऱ्या मित्राची मांडी मोडली. मागं बसलेल्या आमच्याला कोपर आणि गुडघे खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मित्राला इस्पितळात नेलं आणि याला पोलिसांनी ठाण्यात आणून बसवलं. फोन अक्काला आला. ती माझ्याकडे धावत आली, पदर सुटलेला. भावजी खुर्चीत बसून होते. "मी येणार नाही," एवढंच म्हणाले, आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. म्हणून मी गेले.

ठाण्यात तो भिंतीकडच्या बाकावर बसला होता. कोपरावर रक्त वाळलेलं, शर्टाला कालव्याची माती. मी शेजारी बसले. टेबलापाशी एक शिपाई लिहून घेत होता, त्याच्याच वयाचा असेल. नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, पत्ता विचारला. मग म्हणाला, "काम?"

यानं शर्टाची माती झाडली.

"काय करतोस?" शिपायानं परत विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही? शिकलायस किती?"

"बी.ई."

शिपायानं मान वर केली. मला वाटलं, आता हसेल. हसला नाही. त्यानं याच्याकडे क्षणभर बघितलं आणि खाली मान घालून काय लिहायचं ते लिहिलं. नंतर मला म्हणाला, "अम्मा, घेऊन जा. बोलावलं की आणा."

रिक्षा करून निघालो. मोठ्या देवळाच्या खंदकापाशी गाड्या तुंबल्या होत्या. रिक्षा थांबली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, त्यानं काय लिहिलं असेल?"

"तू सांगितलंस ते."

तो बाहेर बघत राहिला. एवढी वर्षं मी परक्या पोरांना समजावत आले. त्या वेळी बोलायला हवं होतं, आणि काय बोलायचं तेही मला ठाऊक होतं. पण अंगात बोलायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "मी सकाळी आठच्या बसनं जाते. यायचं तर ये. मी हाक मारणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी स्टॉपवर उभा होता, माझ्यापासून बराच लांब, दुसऱ्याच बसची वाट बघत असल्यासारखा. बस आली तेव्हा मागच्या दारानं चढला.

एसीच्या वर्गाचे मास्तर रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. तोंडानं फटकळ. त्यांनी याचं शिक्षण विचारलं, ऐकलं आणि म्हणाले, "बरं. मागं बस." वर्गातली पोरं याच्याहून लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी याला 'इंजिनियर सार' करून टाकलं. सार म्हणजे सर. मास्तरांनी काही विचारलं की सगळे एका सुरात म्हणायचे, "इंजिनियर सार सांगतील." हा मान खाली घालायचा. तांब्याच्या नळ्या तापवून जोडायच्या असतात, मग त्यात दाब भरून जोडाला साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले तर जोड गळतो. याचे पहिले सगळे जोड गळले. इतरांचेही गळले, पण इतरांच्या जोडांना कुणी 'सार' म्हणत नव्हतं.

तरी तो येत राहिला. का ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारलं असतं तर कदाचित थांबला असता.

पुढच्या आठवड्यात मी त्या पानवाल्या बाईकडे परत गेले. म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं ना? माझ्या बहिणीचा मुलगा येतोय आता. एसीच्या वर्गात. कॉलेज शिकलेला आहे."

तिनं पानं खाली ठेवली. "खरं?"

"येऊन बघा."

ती आली नाही. तिनं मुलालाच पाठवलं, बघून ये म्हणून. तो टवाळी करायला आल्यासारखा आला, दारातच उभा राहिला. आमचा तेव्हा हातात गॅसचा टॉर्च घेऊन नळी तापवत होता, कपाळावरून घाम ओघळत होता. मास्तर ओरडत होते, "जाळ, जाळ, सगळं तांबं जाळून टाक!" तो मुलगा हसला. आणि दुसऱ्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन राहायलाच आला. मास्तरांनी त्याला मागच्याच बाकावर, याच्या शेजारी बसवलं.

त्या दोघांचं कसं जमलं कोण जाणे. एकाला बोलायची सवय नव्हती आणि दुसऱ्याला शिवीशिवाय बोलायची नव्हती. पण मधल्या सुट्टीत दोघं टपरीवर दिसायचे. आमचा त्याला दाबाची गणितं सांगायचा, तो याला टॉर्च धरायला शिकवायचा. तो पोरगा हातानं चलाख होता. आमच्याचा जोड टिकला त्या दिवशी पोरांनी टेबलं बडवली म्हणे. तो कुठं जातो एवढंच अक्काला ठाऊक होतं, यातलं काही नाही. ती विचारायची नाही, तो सांगायचा नाही. डबासुद्धा तो नेत नव्हता, केंद्रातलंच जेवायचा.

मग आमच्या नात्यात एक लग्न निघालं. चेन्नईहून, होसूरहून सगळे आले. पंक्तीत अक्काच्या जावेनं विचारलं, "मुलगा काय करतोय सध्या?" मी जवळच होते. तो पाण्याचा जग घेऊन पाठीमागून येत होता. अक्का म्हणाली, "पुढच्या शिक्षणाची तयारी करतोय. परदेशात जायचं म्हणतो."

तो तसाच पुढे गेला, सगळ्यांना पाणी वाढलं. सोमवारी बसस्टॉपवर नव्हता. मंगळवारीही नव्हता. खोलीचं दार परत बंद.

मी अक्काच्या घरावरून जायची तेव्हा ते दार खिडकीतून दिसायचं. आत जाऊन ते ठोठावणं काही कठीण नव्हतं. पण मी दिवसभर तेवढंच करून आलेली असायची. अक्काशी भांडायचं, त्याला समजावायचं, सगळं परत पहिल्यापासून, या विचारानंच मला झोप यायची. मी गेले नाही.

काही दिवसांनी मास्तर मला म्हणाले, "तुमचा तिरुवैयारूवालाही गेला. म्हणतो, इंजिनियर सार नाहीत तर मी कशाला."

पोरं जातात तशी गेली, म्हणून मी तेही सोडून दिलं.

पण पानवाल्या बाईनं सोडलं नाही. एके दिवशी सकाळी बाजारात पानं टाकून ती विचारत विचारत आमच्या गल्लीत आली. सुट्टीचा दिवस होता, मी घरी होते. दारातच म्हणाली, "तुमच्या बहिणीचं घर कुठलं?"

मी विचारलं, "कशाला?"

"दाखवा."

तिच्या तोंडाकडे बघून मी चपला घातल्या.

अक्कानं दार उघडलं. ही बाई कोण ते मी सांगितलं. अक्का गोंधळली, पण रीत सोडणारी ती नव्हे. "या, बसा," म्हणत खुर्ची दाखवली आणि कापी, म्हणजे कॉफी, करायला आत वळली.

"कापी नंतर," बाई उभ्याउभ्याच म्हणाली. "मुलगा कुठंय?"

"झोपलाय."

"अजून? आजारी आहे?"

"नाही."

"मग?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "त्याचं मन लागेना तिथं. तो इंजिनियर आहे हो."

"मला माहीत आहे. माझा पोरगा फोन करून रोज सांगायचा. आज इंजिनियर सारची नळी गळली, आज माझी गळली, आज दोघांची टिकली. माझा मुलगा, अम्मा, तोंड उघडलं की शिवी देणारा. तो मला नळीचं सांगायचा. मला काय कळतंय त्यातलं? पण मी ऐकायची."

अक्का आतल्या दाराकडे बघत होती.

"तुमचा घरात झोपतो," बाई म्हणाली. "माझा घरात राहत नाही. तो बाहेर पडला की मी रस्त्याकडे डोळे लावून बसते, कधी पोलिसांची गाडी येते म्हणून. तुमच्या टीचर बहिणीनं आमच्या दारात येऊन सांगितलं, आमच्या घरचाही येतो. म्हणून मी पाठवला. आता तुमचा झोपलाय. तुम्हाला चालत असेल तर झोपू दे. पण मग यांना सांगा, आमच्या गावात परत येऊ नका."

अक्का खुर्चीत बसली, पाहुण्यांना दाखवलेल्या त्याच खुर्चीत. हळूच म्हणाली, "मी लोकांना काय सांगू? तुम्हीच सांगा."

"लोक येतात का तुमच्याकडे रोज?"

"रोज कुठले? लग्नाकार्याला भेटतात."

"मग लग्नाकार्याला काहीही सांगा," बाई म्हणाली. "रोजचं बघा की."

तेव्हा आतलं दार उघडलं. लुंगी, मळका बनियन, दाढी वाढलेली. त्यानं बाईला हात जोडले. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. इतकी भांडून आलेली, पण आवाज एकदम खाली आला.

"हाच का? किती बारीक आहे. जेवतोस की नाही?"

"जेवतो."

"काय सांगू माझ्या मुलाला?"

"उद्या येतो म्हणून सांगा."

"येतो काय, सगळेच म्हणतात," ती म्हणाली, आणि पिशवीतून उरलेल्या पानांची गड्डी काढून अक्काच्या मांडीवर ठेवली. "घ्या. बाजारात खपली नाहीत. कोवळी आहेत."

मग तिनं कापी घेतली. उभ्यानंच, टंबलर वर धरून, घाईनं, कारण तिची बस होती.

दुसऱ्या दिवशी अक्कानं दहीभाताचा डबा भरला. ताकात मुरवून वाळवलेली मोरमिरची वेगळ्या पुडीत. त्याच्या हातात दिला आणि तो बसस्टॉपकडे वळेपर्यंत दारात उभी राहिली. भावजी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही बराच वेळ.

इथंच गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण पानवालीचा मुलगा वर्गात परत आला तरी पुढे टिकला नाही. पोंगलला घरी गेला तेव्हा त्याचा चुलतभाऊ तिरुप्पूरहून आला होता. कापड रंगवायच्या कारखान्यात काम आहे, लगेच आहे, म्हणाला. हा त्याच्याबरोबर गेला. केंद्रातली पिशवी न्यायलासुद्धा आला नाही. वर्ग संपायला थोडाच अवधी होता. मास्तर माझ्यावर ओरडले, जणू मीच त्याला गाडीत बसवून दिलं होतं. आमचा येत राहिला. बाकावरची शेजारची जागा रिकामी ठेवून बसायचा. नंतर तिथं दुसरं कुणीतरी बसायला लागलं.

मी गेले होते तिच्याकडे. ती पानं कापत होती, मला बघून कोयता खाली ठेवला.

"गेला, टीचर. मी काय बांधून ठेवू?"

"नाही."

"रागावू नका."

"रागवायला ताकद कुठंय?" मी म्हटलं. ती हसली, मीही हसले. बागेच्या बांधावर आम्ही दोघी बसलो. तिनं विचारलं, "शिकला तेवढं तरी राहील ना हातात?"

राहील, म्हणायला काय जात होतं? पण तिच्याशी मला तसं बोलवेना. "केलं नाही तर विसरतात," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "तिथं रंगाच्या पाण्यानं त्याचे हात निळे झालेत म्हणतो. फोनवर दाखवले. पण पोलिसांचा त्रास नाही." मग उठून कोयता घेतला. मीही उठले.

आमचा शिकून बाहेर पडला. एका खाजगी इस्पितळात एसी आणि औषधांचे फ्रिज सांभाळायचं काम मिळालं. अक्का सगळ्यांना "इस्पितळात आहे" एवढंच सांगते. ऐकणाऱ्यांना काय समजायचं ते समजू दे. तो मधूनमधून पितो अजून. एखाद्या रविवारी दार बंद असतं आणि आम्ही तिकडे बघत नाही. मांडी मोडलेला मित्र लंगडत चालतो. त्याच्याकडे हा जाऊन बसतो.

मधे अक्काचा जुना फ्रिज थंड करेनासा झाला. भावजी दुकानदाराला फोन लावणार होते. तो कामावरून आला होता, त्यानं मागची बाजू उघडली, हात लावून बघितलं, काहीतरी कान देऊन ऐकलं. भावजी टॉर्च धरून उभे होते. कुणी धर म्हटलं नव्हतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय. यावर खर्च करू नका, नवीन घ्या."

"दुरुस्त नाही होणार?"

"नाही."

भावजींनी टॉर्च बंद केला. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. त्याच आठवड्यात नवा फ्रिज आणला. कुठला घ्यायचा तेही त्यालाच विचारून.

मी अजून गावं फिरते. सोडावं म्हणते, मुलगी फोनवर सोड म्हणते. पण घरी बसून करायचं काय? गेल्या आठवड्यात ओरत्तनाडूकडे गेले होते. एका घराच्या सावलीत चार-पाच मुली बसल्या होत्या, त्यांना शिवणाचं आणि नर्सिंगचं सांगितलं. ऐकून घेतलं आणि परत आपापल्या गप्पांत शिरल्या. मी छत्री उघडून निघाले. एक मुलगी मागून रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "टीचर, वायरिंगच्या वर्गात मुलींना घेतात?"

"आजवर कुणी आली नाही."

"मी आले तर?"

"विचारून सांगते," मी म्हटलं. बस समोर दिसत होती.

केंद्रात येऊन वायरिंगच्या मास्तरांना विचारलं. ते तारा गुंडाळत होते. म्हणाले, "शिडीवर चढेल का?"

"ते विचारलं नाही."

"मग विचारून या."

म्हणजे परत ओरत्तनाडू. मी पाणी प्याले, पंख्याखाली थोडा वेळ बसले, आणि सकाळची बस किती वाजता सुटते ते ऑफिसातल्या मुलाला विचारलं.